खपाचे आकडे आणि घरातली चित्रपटांची कपाटे

लोकाभिरुचीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला एक मोह हटकून होतो. एखादी कलाकृती लोकांना किती आवडली हे सांगायचे असले की तिच्या किती प्रती खपल्या हे नोंदवून तो मोकळा होतो. आपल्याकडील पदव्युत्तर प्रबंधांत ‘लोकप्रिय कादंबरी’ या प्रकरणाचा आरंभ बहुधा आवृत्त्यांच्या संख्येने होतो आणि त्या संख्येवरून वाचकांच्या मनोवृत्तीबद्दलची लांबलचक विधाने निघतात. आकडा एकदा दिला की पुरावा दिला, अशी एक समजूत आपल्या अभ्यासात मुरली आहे. ती किती ठिसूळ आहे हे पाहण्यासाठी मी येथे पुस्तकांच्या शेजारचे, पण थोडे बाजूचे क्षेत्र घेतो: अमेरिकेतील घरगुती चित्रपटसंग्रहाचा इतिहास. हे क्षेत्र सोयीचे अशासाठी, की त्याचा सगळा जीवनक्रम जेमतेम पन्नास वर्षांत आटोपला. खप म्हणजे काय, हे त्या अवधीत चार वेळा तरी बदलले.

सोनीचे बीटामॅक्स यंत्र १९७५ मध्ये बाजारात आले. जेव्हीसीची व्हीएचएस पद्धती १९७६ मध्ये जपानात आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत आली. ही यंत्रे चित्रपट विकत घेऊन पाहण्यासाठी नव्हतीच. दूरचित्रवाणीवर लागणारा कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करून आपल्या सवडीने पाहावा, हा त्यांचा जाहीर उपयोग होता. परंतु यंत्र घरात आल्याबरोबर काही माणसांनी त्याचा निराळाच उपयोग सुरू केला: त्यांनी कॅसेटी पुसल्या नाहीत. फ्लोरिडातील टॅलहासी येथील जिम लो या वकिलाने १९७६ मध्ये अशा छांदिष्टांसाठी एक वार्तापत्र काढले, आणि देशभरातले लोक त्यातून एकमेकांचे पत्ते मिळवून मुद्रित कॅसेटींची देवाणघेवाण करू लागले. जाहिराती नेमक्या कोठे गाळाव्यात, याचे त्यांच्यात एक शास्त्रच तयार झाले. हे सारे ज्या काळी चालले होते त्या काळी ‘विक्री’ हा शब्दच तेथे लागू नव्हता. विकल्या जात होत्या त्या कोऱ्या कॅसेटी. त्यांवर काय उतरले आणि त्यांतले काय टिकले, याची नोंद कोणत्याही हिशेबाच्या वहीत नाही.

नोंद झाली ती न्यायालयात. युनिव्हर्सल आणि डिस्ने या दोन चित्रसंस्थांनी सोनीवर स्वामित्वहक्कभंगाचा दावा लावला. तो १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार अशा निसटत्या मताने सोनीच्या बाजूने निकालात निघाला. या खटल्यात दोन्ही पक्षांनी आपापली सर्वेक्षणे सादर केली होती. बहुतेक लोक कार्यक्रम नंतर पाहण्यापुरताच मुद्रित करतात, हे दोन्हींतून दिसले आणि निकाल त्यावरच उभा राहिला. पण त्याच सर्वेक्षणांत आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे पुढे फारसे कोणी पाहिले नाही: उत्तर देणाऱ्यांपैकी लक्षणीय लोकांनी कॅसेटींचे छोटेमोठे संग्रह केले होते. संग्राहकाचा हा बहुधा पहिला अधिकृत उल्लेख. ज्या डिस्नेने कॅसेटीविरुद्ध दावा लावला, तिनेच पुढच्या दशकात कॅसेटींवर अमाप कमाई केली, हा नियतीचा विनोद निराळाच.

चित्रपटाची छापील कॅसेट अमेरिकेत विकायला आली ती १९७७ मध्ये. मिशिगनमधील आंद्रे ब्ले यांच्या मॅग्नेटिक व्हिडिओ या कंपनीने ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्सकडून पन्नास चित्रपटांचे हक्क घेतले आणि ४९.९५ डॉलरला एक याप्रमाणे कॅसेटी विक्रीस काढल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस लॉस एंजलिसमध्ये जॉर्ज अ‍ॅटकिन्सन यांनी या पन्नासही चित्रपटांच्या प्रती विकत घेऊन त्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. अमेरिकेच्या कायद्यात ‘प्रथम विक्री’चे तत्त्व आहे: प्रत एकदा विकली की तिचे पुढे काय करायचे हे विकत घेणारा ठरवतो. या एका तत्त्वावर पुढे हजारो भाडेदुकाने उभी राहिली. आणि येथेच विक्रीच्या आकड्याचा अर्थ पहिल्यांदा बदलला. आता कॅसेट विकत घेणारा प्रेक्षक नव्हता, दुकानदार होता. एका प्रतीमागे पन्नास प्रेक्षक असतील, शंभर असतील. चित्रसंस्थेच्या हाती मात्र एकाच प्रतीचे पैसे पडत. म्हणून तिने किंमत चढवली. १९८० च्या दशकात नव्या चित्रपटाची कॅसेट ऐंशी-नव्वद डॉलरला असे. ती सामान्य माणसाने विकत घ्यावी अशी कोणाची अपेक्षाच नव्हती.

आता या काळातल्या ‘सर्वाधिक खपाच्या कॅसेटीं’ची यादी कोणी आपल्यासमोर ठेवली, तर ती काय सांगते? देशभरातल्या भाडेदुकानदारांनी, आपल्या गिऱ्हाइकांना काय आवडेल याविषयी केलेला अंदाज. प्रेक्षकाची आवड त्यात आहे, पण दुसऱ्याच्या तर्कातून गाळून आलेली.

या नियमाला जे अपवाद झाले ते मला सर्वांत बोलके वाटतात. पॅरामाउंटने १९८२ मध्ये ‘स्टार ट्रेक’ मालिकेतला दुसरा चित्रपट ३९.९५ डॉलरला, म्हणजे प्रचलित किमतीच्या निम्म्यावर, काढला आणि तो चाहत्यांनी थेट घरी नेला. त्याच वर्षी जेन फोंडा यांची व्यायामाची कॅसेट आली. तिची किंमत ५९.९५ डॉलर, म्हणजे स्वस्त मुळीच नव्हे. तरीही ती वर्षानुवर्षे खपत राहिली. का, हे उघड आहे. व्यायाम रोज करायचा असतो. भाड्याची कॅसेट रोज आणणे परवडत नाही. पुढे १९८७ मध्ये ‘टॉप गन’ची कॅसेट २६.९५ डॉलरला निघाली. आरंभी एका शीतपेयाची जाहिरात जोडून तिची किंमत खाली आणली होती. १९८८ च्या ऑक्टोबरात ‘ई. टी.’ आला. नकली प्रतींपासून ओळखू यावी म्हणून तिच्या कॅसेटीला हिरवी झडप लावलेली होती. उत्तर अमेरिकेत तिच्या दीड कोटीच्या आसपास प्रती गेल्या. १९८२ चा तोच चित्रपट, तेच दिग्दर्शक स्पीलबर्ग, प्रेक्षकही तेच. ही कॅसेट ९० डॉलरला काढली असती तर तिच्या काही लाखच प्रती गेल्या असत्या आणि आजच्या याद्यांत तिचे नाव कोठे तरी मध्यावर दिसले असते. त्या फरकात आवडीचा भाग किती आणि किमतीचा किती?

यापुढचा टप्पा डिस्नेचा. डिस्नेने आपले जुने व्यंगपट चित्रपटगृहांत ठराविक वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा लावायची पद्धत पूर्वीच पाडली होती. कॅसेटींच्या बाबतीत तिने तीच युक्ती वापरली: चित्रपट थोडे महिने विकायचा, मग ‘तिजोरीत’ बंद करायचा. ‘पिनोकिओ’ १९८५ मध्ये ७९.९५ डॉलरला निघाला होता. पण किंमत तीस डॉलरच्या खाली उतरल्यावर आईबापांनी रांगा लावल्या. १९९५ च्या मार्चमध्ये आलेल्या ‘द लायन किंग’च्या कॅसेटींची संख्या तीन कोटींच्या घरात पोहोचली आणि व्हीएचएसच्या इतिहासात तिच्याइतकी कोणतीच कॅसेट खपली नाही असे सांगितले जाते.

हा आकडा बाळगोपाळांच्या आवडीचा म्हणून उद्धृत होतो. त्यात तथ्य आहेच. लहान मूल एकच चित्रपट साठ वेळा पाहू शकते, आणि कोणत्या दृश्याला कोण काय बोलणार हे पाठ असणे हाच त्याचा आनंद असतो. तथापि येथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. एक, मुलाचे वारंवार पाहणे, जे विक्रीच्या आकड्यात मुळीच दिसत नाही. साठ वेळा पाहिलेली कॅसेट आणि वेष्टनातच राहिलेली कॅसेट हिशेबात सारखीच. दुसरी, ‘आता घेतली नाही तर सात वर्षे मिळणार नाही’ ही भीती. भीतीने केलेली खरेदी ही आवडीची खरेदी नव्हे असे मी म्हणत नाही. पण ती निराळ्या जातीची खरेदी आहे, आणि आकडा त्या दोन जाती वेगळ्या करून देत नाही. याच कॅसेटी आता दुर्मीळ झाल्या असून हजारो डॉलरना जातात, अशी वदंता गेल्या काही वर्षांत पसरली. आंतरजालावरच्या बाजारात कोणीही कितीही किंमत मागू शकतो. प्रत्यक्षात यांतल्या बहुतेक कॅसेटी किरकोळ रकमेला जातात. कोट्यवधींनी छापलेली वस्तू दुर्मीळ कशी असेल, हा साधा प्रश्न विचारायला मात्र फारसे कोणी थांबले नाही.

डीव्हीडी जपानात १९९६ च्या नोव्हेंबरात आणि अमेरिकेत १९९७ च्या मार्चमध्ये आली. आरंभापासूनच तिची किंमत घरी नेण्याजोगी ठेवली होती. १९९९ मध्ये ‘द मेट्रिक्स’ ही अमेरिकेत दहा लाखांवर प्रती खपलेली पहिली डीव्हीडी ठरली. येथून पुढची सात-आठ वर्षे हा संग्राहकांचा सुवर्णकाळ. चित्रपट विकत घेणे ही आता छांदिष्टाची खोड राहिली नाही, ती सर्वसामान्य घराची सवय झाली. किराणा घ्यायला गेलेला माणूस भाजीबरोबर एक डीव्हीडी टोपलीत टाकू लागला. मोठ्या दुकानांनी नवी डीव्हीडी प्रसंगी तोटा सोसून विकली; कारण तिच्या निमित्ताने गिऱ्हाईक दुकानात येते आणि बाकीची खरेदी करते. अशा वेळी खपाचा आकडा अंशतः दुकानाच्या वाणसामानाच्या धोरणाचा आकडा असतो. त्यातही वॉलमार्ट या सर्वांत मोठ्या विक्रेत्याने २००१ मध्ये आपले विक्रीचे आकडे बाहेरच्या मोजणी-संस्थांना देणेच थांबवले. त्यानंतर साप्ताहिक याद्यांत छापून येणारा आकडा हा मोजलेला थोडा आणि ताडलेला थोडा, असा झाला.

या काळातली एक घटना तर वर्गात शिकवावी अशी आहे. ‘श्रेक २’ची डीव्हीडी नोव्हेंबर २००४ मध्ये आली आणि पहिल्या तीन दिवसांतच तिच्या १.२ कोटी प्रती खपल्याचे जाहीर झाले. तिची निर्माती ड्रीमवर्क्स अ‍ॅनिमेशन ही कंपनी नुकतीच, ऑक्टोबरअखेर, भागबाजारात उतरली होती. मार्च २००५ पर्यंत सुमारे ४ कोटी प्रतींचा अंदाज होता. प्रत्यक्षात आकडा ३.५ कोटींच्या आसपास अडकला, कारण दुकानदारांनी न विकलेल्या प्रती परत पाठवायला सुरुवात केली. मे महिन्यात तिमाहीचे निकाल आले, समभाग कोसळला, भागधारकांनी दावे लावले आणि बाजारनियामकांनीही चौकशी केली. पुढच्याच महिन्यात पिक्सारलाही ‘द इन्क्रेडिबल्स’च्या बाबतीत अशाच कारणाने आपला अंदाज खाली आणावा लागला.

या घटनेत अपयश कोणते होते? साडेतीन कोटी प्रती ज्या चित्रपटाच्या गेल्या तो लोकांनी नाकारला असे कोणी म्हणणार नाही. गोम अशी, की ‘विक्री’ म्हणजे कारखान्यातून दुकानाकडे झालेली रवानगी, आणि दुकानाला परत करण्याचा हक्क असतो. पाठवलेली प्रत, दुकानाच्या फळीवर उभी असलेली प्रत, गिऱ्हाइकाने नेलेली प्रत आणि पाहिली गेलेली प्रत या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. वृत्तपत्रातल्या बातमीत त्या चौघींना मिळून एकच शब्द असतो. या प्रकरणात पैसे बुडाल्यामुळे कोणीतरी तो शब्द उकलून पाहिला. साहित्याच्या इतिहासात पैसे बुडत नाहीत, म्हणून तो तसाच राहतो.

मोजणीची जागा बदलली की अभिरुचीच बदलल्यासारखी दिसते, याचे उदाहरण संगीताच्या क्षेत्रातले आहे. अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाची संगीतसंचांची यादी पूर्वी दुकानदारांना दूरध्वनी करून, ते सांगतील त्यावर विसंबून बनत असे. मे १९९१ पासून ती गल्ल्यावरच्या यंत्राने नोंदवलेल्या विक्रीवरून बनू लागली. थोड्याच आठवड्यांत रॅप आणि कंट्री हे दोन प्रकार यादीत भराभर वर चढले. श्रोते रातोरात बदलले नव्हते. दूरध्वनीवर उत्तर देणाऱ्या दुकानदाराला जे संगीत मोजण्याजोगे वाटत नव्हते ते यंत्राने मोजले, एवढेच.

पुस्तकांच्या याद्यांचे तर काय सांगावे! ‘द बुकमन’ या अमेरिकी मासिकाने १८९५ मध्ये मागणी असलेल्या पुस्तकांच्या याद्या सुरू केल्या, तेव्हापासून या प्रकाराला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. ‘द एक्झॉर्सिस्ट’चे लेखक विल्यम ब्लॅटी यांनी आपली १९८३ ची कादंबरी ‘लीजन’ पुरेशी खपूनही न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत नीट आली नाही म्हणून दावा लावला. बचावात वृत्तपत्राची भूमिका अशी होती, की ही यादी म्हणजे गणिती मोजणी नव्हे, तो संपादकीय मजकूर आहे. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात ब्लॅटी हरले. हाच संपादकीय मजकूर आपण आपल्या निबंधांत संख्याशास्त्र म्हणून उद्धृत करतो. पुढे २००० मध्ये हॅरी पॉटरची पुस्तके यादीतल्या जागा सोडीनात, तेव्हा त्याच वृत्तपत्राने मुलांच्या पुस्तकांची वेगळी यादी काढली, आणि पॉटर मुख्य यादीतून एका दिवसात नाहीसा झाला.

विकत घेणे आणि वाचणे यांतले अंतर मोजण्याचा एक खट्याळ प्रयत्न अमेरिकी पत्रकार मायकेल किन्स्ली यांनी १९८० च्या दशकात केला. वॉशिंग्टनमधल्या पुस्तकदुकानांत, ज्यांची फार चर्चा होती अशा पुस्तकांच्या सत्तरएक प्रतींत त्यांनी बऱ्याच आतल्या पानांवर चिठ्ठ्या ठेवविल्या: ही चिठ्ठी सापडली तर दूरध्वनी करा, पाच डॉलर मिळतील. एकही दूरध्वनी आला नाही. चित्रपटांच्या बाबतीत याहून पद्धतशीर काम झाले आहे. कॅथरिन मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील टपालाने डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या एका कंपनीच्या नोंदी तपासून २००९ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. ‘पाहायला हवेत’ अशा गंभीर चित्रपटांच्या डीव्हीडी लोक घरी जास्त दिवस ठेवून घेतात आणि करमणुकीच्या लवकर परत करतात, असे त्यांना आढळले. मागवलेला गंभीर चित्रपट मेजावर पडून राहतो. आपण कोण व्हावे असे आपल्याला वाटते आणि आपण संध्याकाळी दमून घरी आल्यावर कोण असतो, यांतले अंतर त्या परतीच्या तारखांत उमटले आहे. विक्रीच्या वहीत असा परतीचा रकानाच नसतो. घरातले कपाट पाहणाऱ्याला हे अंतर माहीत असते. आपल्यापैकी कोणाच्या कपाटात वेष्टन न उघडलेला एखादा बर्गमन नाही?

आता थोडे आपल्याकडे. भारतात व्हिडिओ रुजला तो १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या आगेमागे, रंगीत दूरचित्रवाणीबरोबर. पण संग्रह करावा असे फारसे कोणाच्या मनात नव्हते. एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणायचा, तीन-चार कॅसेटी आणायच्या, शेजारीपाजारी बोलवायचे आणि पहाटेपर्यंत पाहून सकाळी सगळे परत करायचे, ही आपली रीत. अशा एका कॅसेटीमागे प्रेक्षक किती हे कोण सांगणार? पु. ल. देशपांड्यांच्या कथाकथनाच्या कॅसेटी घरोघरी गेल्या; त्यांच्यावरून उतरवून घेतलेल्या कॅसेटी मोजल्या कोणी? पुढे मोसर बेअर या कंपनीने २००७ मध्ये व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली, तेव्हा चित्रपट विकत घेणे हे भाड्याने आणण्याइतके सोपे झाले. ही कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अवसायनात निघाली. त्या काळात किती घरांत व्हीसीडींच्या चळती जमल्या हे आपण पाहिलेच आहे. त्या आवडीपायी जमल्या की २८ रुपयांपायी, हा प्रश्न ‘ई. टी.’च्या प्रश्नाहून वेगळा नाही.

आणि मराठी पुस्तक? आपल्याकडे आकडाही नाही, ‘आवृत्ती’ आहे. एका आवृत्तीत प्रती किती, हे श्रेयनामावलीच्या पानावर क्वचितच असते. हजार-अकराशेची आवृत्ती आणि दोन-तीनशे प्रतींची आवृत्ती यांना मुखपृष्ठावर सारखाच मान. त्यात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अनुदान मिळणारी वाचनालये हा मराठी पुस्तकांचा मोठा गिऱ्हाईक. वाचनालयात गेलेली प्रत म्हणजे अ‍ॅटकिन्सन यांच्या दुकानातली कॅसेट: तिच्यामागे शंभर वाचक असतील किंवा एकही नसेल, आणि ते तिला चिकटवलेल्या तारखांच्या कागदावरूनच कळेल. हे कागद कोणी अभ्यासासाठी जपून ठेवल्याचे मी पाहिले नाही. राहता राहिली पाठ्यपुस्तके. बी. ए.च्या वर्गाला नेमलेली कादंबरी एका हंगामात किती खपते आणि आमच्या वर्गातली किती मुले ती मार्गदर्शिकेऐवजी मुळातून वाचतात, हे या पानाच्या वाचकांना मी सांगायला नको.

म्हणजे आकडे टाकून द्यावेत काय? तसे नव्हे. किंमत काय होती, विकत घेणारा कोण होता, मोजले कोठे, परत किती आले, एवढे चार प्रश्न विचारल्यावर जो आकडा उरतो तो फार मोलाचा असतो. जेन फोंडा यांच्या कॅसेटीचा खप या चारही प्रश्नांतून शाबूत बाहेर येतो, आणि म्हणून घरात एकटीने व्यायाम करू पाहणाऱ्या अमेरिकी स्त्रीबद्दल तो खरोखर काही सांगतो. ‘लायन किंग’चा आकडा अर्धामुर्धा बाहेर येतो. ‘श्रेक २’चे पहिले तीन दिवस मात्र आपल्याला वितरणव्यवस्थेबद्दलच अधिक सांगतात.

संग्राहकाचे जे काम आकड्यांत कधीच येत नाही, त्याची दोन उदाहरणे येथे नोंदवतो. बीबीसीने १९६० च्या दशकातल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या अनेक भागांच्या चित्रफिती पुसून टाकल्या. परंतु नाहीशा झालेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी आज उपलब्ध आहे. त्या काळी काही प्रेक्षकांनी दूरचित्रवाणी संचासमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो उतरवून घेतला होता, म्हणून. दुसरे उदाहरण फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांचे. इराणमधल्या ओलीस-प्रकरणापासून, म्हणजे १९७९ पासून, २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी घरात एकाच वेळी अनेक यंत्रे लावून दूरचित्रवाणीवरील बातम्या अहोरात्र मुद्रित केल्या. त्यासाठी लागणाऱ्या कोऱ्या कॅसेटी त्या दुकानातून आणत. विक्रीच्या हिशेबात त्यांचे अस्तित्व तेवढेच. मागे सुमारे सत्तर हजार कॅसेटी राहिल्या. त्या आता इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेच्या ताब्यात आहेत आणि तेथे त्यांच्या डिजिटल रूपांतराचे काम हाती घेतले गेले.